दुसरी सुई

श्रद्धाताई,

तुम्हाला लिहायचं रोज उद्यावर ढकलत होतो. मध्ये गोव्याला जाऊन एका शॅकमध्ये मासे तळायला शिकलो, पण ते जाऊ दे. सध्या वाघोलीत आयटीवाल्या मित्रांच्या खोलीवर पडून आहे.

दुसऱ्या इंजेक्शनला मी आलो होतो. एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची रोजची गोळी मला कधी जमली नाही. दोन महिन्यांनी एकदाच टोचायचं म्हटल्यावरच तर तुमच्या औषधाच्या अभ्यासात नाव दिलं. पण तुमच्या दवाखान्यातल्या बाकावर आमच्या कसबा पेठेतल्या तालमीचे भैरू वस्ताद बसले होते. एचआयव्हीपासून वाचायची सुई घ्यायलाच तिथं माणूस येतो, म्हणजे दोघांचंही दोघांना कळलं. ते हसून म्हणाले, "काय रे रणजित, तूपण?"

मी म्हणालो, "काका, मी तो नव्हे," आणि सुई न घेताच सटकलो. ज्यांनी मला लंगोट बांधायला शिकवलं, त्यांना काका म्हणालो!

मग तुमचे फोनही उचलले नाहीत. औषध अंगातून हळूहळू ओसरतं, मग त्याचा भरवसा नाही, हे तुम्ही सांगितलं होतं. तरी मी जपून वागलो नाही. आता तपासणीचीच भीती वाटते.

थांबा, दार वाजलं.

वस्ताद आलेत! तालमीतल्या पोरांकडून पत्ता काढला म्हणे. मी मान खाली घातली, तर म्हणतात, "शर्ट घाल. आज माझी तारीख आहे, आणि तिथं एकट्यानं बसायची मला लाज वाटते."

पत्र राहू दे. येतोच आहे.

तुमचा चुकार,
रणजित