टेर्नाची शेवटची फळी

११ फेब्रुवारी १९७४

पोचले. फेरीबोट सव्वाअकराला धक्क्याला लागली. ऊन स्वच्छ, वारा नाही, फियॉर्डचं पाणी आरशासारखं. दोन ट्रंका, अवजारांची पेटी आणि मला उतरवून बोट लगेच निघूनही गेली. धक्क्यावर कोणी नव्हतं आणि मला त्याचा आनंदच झाला. बर्गनच्या जहाज कारखान्यात, आराखडा विभागात चार वर्षं अठ्ठावीस माणसांच्या खोकल्यात बसून तेलवाहू जहाजांच्या रेघा ओढल्या. आता एक शेड, एक बोट.

‘टेर्ना’ शेडमध्ये टेकूंवर उभी आहे. लांबी ११.३ मीटर, रुंदी ३.२. ओकच्या फासळ्या, पाईनच्या फळ्या. १९३६ साली शेडचे मालक हाल्डोर यांनी ती इथेच बांधली. मागच्या वर्षी मोडकळीला आलेली परत घेतली, डाव्या अंगाच्या चौदा कुजक्या फळ्या काढल्या, आणि मग त्यांचे हात थरथरायला लागले. ते आता पलीकडच्या काठाला वृद्धाश्रमात असतात. मला बोलावणाऱ्या पत्रात त्यांची एकच अट आहे: मेमध्ये बोट पाण्यात हवी. डॉक्टर त्यांना मेच्या पुढचं आयुष्य देत नाहीत. मी हो म्हटलं आहे.

माडीवरच्या खोलीतली चूल उत्तम पेटते. उकडलेला कॉड मासा, बटाटे. झोप लागेल.

१४ फेब्रुवारी

पहिली फळी तासभर वाफवून बसवली. छान वळली. अडचण खिळ्यांची आहे. तांब्याचा खिळा बाहेरून फळी आणि फासळी भेदून आत ठोकायचा. आत आलेल्या टोकावर तांब्याची चकती चढवायची, जास्तीचं टोक कापायचं आणि उरलेलं हातोडीने चकतीवर पसरवायचं. हे चालू असताना बाहेरून खिळ्याच्या डोक्यावर कोणीतरी जड लोखंडी ठोकळा दाबून धरावा लागतो, नाहीतर प्रत्येक ठोक्याला खिळा मागे सरकतो. काम दोघांचं. मी ठोकळ्याला तिरपा टेकू लावते, शिडी चढते, आत उतरून ठोकते, परत बाहेर येते. आज नऊ खिळे, नऊ फेऱ्या.

वरच्या शेतावरच्या गुडलाउगबाई शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज घेऊन आल्या. “शहरातले पुरुष संपले वाटतं, लाकडाशी संसार मांडायला आलीस ती!” मी म्हटलं, लाकूड निदान घोरत नाही. त्या पोट धरून हसल्या. ठोकळा धरायला त्यांचे यजमान मोन्स येतील, असं हाल्डोर यांनी लिहिलं होतं. ते कधी येतील, असं विचारलं. त्यांचं हसू तिथेच संपलं. म्हणाल्या, शेळ्या व्यायला झाल्यात गं. मागच्या वर्षीही व्यायलाच झाल्या होत्या का, हे मी विचारलं नाही.

२१ फेब्रुवारी

तिसरी फळी. आज सव्वीस खिळे. टेकू नीट बसला असावा, कारण ठोक्याचा आवाज बदलला आहे. आधी पोकळ यायचा. आज भरीव येतो, बाहेर अनुभवी माणूस असावा तसा.

२५ फेब्रुवारी

एक नोंद, स्पष्टीकरणाशिवाय. चार खिळे एकदम बाहेरून ठोकून ठेवले, ठोकळा पहिल्यावर टेकवला आणि आत गेले. तंद्रीत, बाहेर जाऊन ठोकळा न हलवताच, पहिल्यानंतर लगेच दुसरा ठोकायला घेतला. चूक माझी. पण आवाज भरीव आला. तिसऱ्यालाही. चौथ्यालाही.

बाहेर आले. टेकू पडलेला. ठोकळा चौथ्या खिळ्याखाली भुशावर.

शेडमध्ये उणे तीन अंश होतं. ठोकळा कोमट होता.

४ मार्च

पडताळून पाहिलं. दोऱ्या ताणल्या, दार आतून अडकवलं, जमिनीवर बारीक भुसा पसरला. एकही ठसा उमटला नाही. आजचे खिळे अठ्ठेचाळीस झाले. आता टेकू लावतच नाही.

भीती वाटायला हवी. वाटते ती एवढीच, की उद्या तो आला नाही तर.

९ मार्च

आज बोलले. “पुढचा,” एवढंच. सहा दिवसांतला पहिला शब्द, घसा खरखरला. मी हातोडी उचलण्याआधी ठोकळा पुढच्या खिळ्यावर टेकल्याचा आवाज आला. तो कधी घाई करत नाही आणि मला थांबायलाही लावत नाही. आराखडा विभागात चार वर्षांत कोणाशी माझं असं जमलं नव्हतं.

नऊ फळ्या झाल्या. दिवसभर आत असते. सूर्य मावळला की तो जातो, आणि मग मला वर जावंसं वाटत नाही.

१७ मार्च

पलीकडे जाऊन हाल्डोर यांना भेटले. खिडकीपाशी बसले होते, हात मांडीवर वळवळत होते. मी म्हटलं, अकरा फळ्या झाल्या. म्हणाले, “एकटीने? खोटं नको बोलूस पोरी. ठोकळा कोण धरतं?”

मी बाहीवरचा भुसा झटकला.  मग तेच म्हणाले, “डावखुरा आहे ना? ठोकळ्याचा जोर जरा वरून येतो?”

येतो. मला वाटलं होतं, उताराचा परिणाम असेल.

नाव एइविंद. अकरा वर्षं दोघांची जोडी होती, हाल्डोर आत, एइविंद बाहेर. इकडची रीत अशी, की शेवटची फळी बसवण्याआधी आतल्याने उरलेल्या फटीतून हात बाहेर काढायचा आणि बाहेरच्याने तो धरायचा. या बोटीपुरतं आपलं काम संपलं, तू मोकळा, मी मोकळा. टेर्नाच्या वेळी एइविंदने सकाळीच सांगितलं होतं, की ही शेवटची, आता मी अमेरिकेला चाललो. हाल्डोर चिडले. एइविंदने फटीशी हात पुढे केला, हाक मारली. “हातोडीने फासळीवर ठोकून सांगितलं त्याला, फळी लाव. हात नाही दिला. गाढवासारखा रुसून बसलो बघ आत, बत्तीस वर्षांचा बाप्या.” एइविंदने शेवटच्या खिळ्यापर्यंत ठोकळा धरला आणि होडी घेऊन घरी निघाला. होडी सापडली. तो नाही.

हाल्डोर म्हणाले, शेवटच्या फळीला मला घेऊन जा. उचलून न्यावं लागलं तरी. आत मीच हवा.

मी कबूल केलं.

२९ मार्च

तेरा झाल्या. एक उरली. फट अकरा सेंटिमीटर रुंद, साडेतीन मीटर लांब, बाहेरून माझ्या खांद्याच्या उंचीला. चौदावी फळी रंधा मारून तयार आहे. अर्ध्या मिलिमीटरपर्यंत नेमकी. हाल्डोर यांना रविवारी आणायचं ठरलं. मोन्स होडी द्यायला तयार झाले. स्वतः मदतीला यायला नाही.

३१ मार्च

पहाटे हाल्डोर गेले.

४ एप्रिल

दफन झालं. आठ माणसं होती. गुडलाउगबाईंनी कॉफी पाजली आणि दंडाला धरून म्हणाल्या, बंद कर ती शेड, जा आपल्या गावी, कोणाचं काही देणं लागत नाहीस तू. मी म्हटलं, मेपर्यंतचा शब्द दिला आहे. “मेलेल्याला?” त्यांनी विचारलं. मग थोड्या वेळाने, हलक्या आवाजात: “का त्या दुसऱ्याला?”

६ एप्रिल

फळी एकटीने वाफवली, शिकंज्यांनी आवळून बसवली. दुपारी जेवून आले तर फळी खाली लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुतारी तिवयांवर. शिकंजे रांगेत, लांबीप्रमाणे लावलेले.

७ एप्रिल

पुन्हा तेच.

८ एप्रिल

पुन्हा. आत उभी राहिले तर फटीतून नुसता उजेड. कोणी दिसत नाही. पण उजेड मधेच थोडा मंद होतो, कोणी समोर येऊन उभं राहावं तसा. आणि तसाच राहतो.

तो वाट बघतो आहे. आत कोण आहे, हे त्याला कुठे दिसतं?

१० एप्रिल

झोप नाही. निघून जाता येईल. फेरीबोट सव्वाअकराला असते. धक्क्यावर उभी होते. बोट आली, बोट गेली.

तो तिकडे हात पुढे करून उभा असणार आणि मी बर्गनला रेघा ओढणार — नाही.

हात द्यायचा. एक सेकंद. तो मोकळा, मी मोकळी. फळी लागेल. मेमध्ये टेर्ना पाण्यात. बाकी काही नाही.

११ एप्रिल, सकाळी ९.४०

आत आहे. वही गुडघ्यावर. फटीतून हात बाहेर काढला, उजवा, मनगटापर्यंत.

धरला.

९.४५

डाव्या हाताने लिहिते आहे. पकड घट्ट, पण दुखत नाही. हात कोरडा, खरखरीत. कोमट. मी म्हटलं, एइविंद, काम झालं. तू मोकळा.

सोडत नाही.

हेही लिहून ठेवते, कारण खरं आहे: पहिल्या मिनिटात मलाही सुटायचं नव्हतं. कोणी शेवटचा हात धरला त्याला चौदा महिने झाले.

१०.०५

ओढून पाहिलं. मी जेवढं ओढते तेवढंच पलीकडून. कमी नाही, जास्त नाही. ठोकळ्यासारखं.

ओरडले. वरचं शेत सहाशे मीटरवर. वारा तिकडून इकडे.

१०.२०

घोड्यांवरून लाकूड उचलल्याचा आवाज.

फळी वाफवलेली नाही. तरी वळते आहे. मागच्या टोकापासून बसत येते. पहिला खिळा आत आला, माझ्यापासून नऊ फासळ्या दूर. दुसरा, आठ.

एक हात मला धरून. एक हात खिळ्याला. एक हातोडीला.

तीन होतात. बाहेर एकटा नाही —

हाल्डोर, मी इंगुन, मी तुमची जागा घेतलेली नाही, मी फक्त

पाच. चार. उजेड आता हातभर लांब.

फळी मनगटाला टेकली. पकड तशीच. फट अकरा सेंटिमीटरची, आणि फळी मीच कापली, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत, मनगटाला जागा मी कुठेच