एकट्याने ये म्हणे

मंगळवार, आर. के. पुरम

डोकं अजून तापलंय. उद्या पोलीस ठाण्यात बोलावलंय. बॉक्सिंगच्या होस्टेलमधल्या मारामारीत एकाचा हात मोडला आणि कुणीतरी तक्रारीत माझं नाव घातलं. मी तर दोघांना सोडवत होतो!

संध्याकाळी कोचचा फोन आला. "अकेले आना बेटा, दो मिनट की बात है. वकील लाया तो लगेगा कुछ किया है." बाबांचंही तेच. त्यांची सगळी नोकरी साहेबांपुढे मान हलवण्यात गेली. "आपण काही केलं नाही ना? मग वकील कशाला?"

कशाला? डोपिंगच्या चाचणीला लघवी द्यायची असते, तेव्हा एकट्याने जायचं नाही, सोबत आपला माणूस हवा आणि बाटलीचं सील स्वतः तपासायचं, हे याच कोचनी शिकवलं. दर वेळी स्वतः बरोबर आले. तेव्हा कुणी म्हणालं नाही, की हा गोळ्या घेतो म्हणून माणूस आणलाय. माझ्या लघवीला साक्षीदार लागतो आणि माझ्या जबानीला नको?

मयूर विहारच्या आत्याला फोन केला. ती वकील आहे. म्हणाली, "चौकशी चालू असताना मला कदाचित बाहेर बसवतील, पण मी येतेय. तोवर तू तोंड उघडू नकोस."

 

कोचना मेसेज टाकला, "सर, सील देखे बिना बोतल नहीं दूँगा. आपने ही सिखाया है."

वाचलाय त्यांनी. उद्या आत्याबरोबरच जाणार.