रक्तवाढीच्या गोळ्या

आक्का, तुला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी रक्तवाढीच्या गोळ्या दिसल्या की माझं डोकं फिरतं. तुझ्या गर्भपिशवीला गाठ होती, अंगावरून जाऊन जाऊन तू पांढरीफटक पडली होतीस. किरणांचा शेक सुरू करण्याआधी मिरजेच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "रक्त कमी म्हणजे गाठीत ऑक्सिजन कमी. तो पोचला नाही तर किरणांचा जोर चालत नाही. आधी रक्त वाढवा." माझ्या डोक्यात शिरायच्या आत तू म्हणालीस, "व्हय की, चुलीत वारं न्हाय गेलं तर जाळ कुठला?" इतकं नेमकं कळलेली बाई निपाणीला येऊन काय करते? मी दुपारी कारखान्यात तुझा डबा घेऊन येतो, तर तू मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आहेस आणि शेजारच्या पोटुश्या पोरीच्या हातावर तुझी गोळी ठेवते आहेस. रोजची. मी सगळ्या बायकांसमोर ओरडलो. तू मान वर न करता म्हणालीस, "तिचं व्हट बघ की रं. दोन जिवाची हाय ती. मी पालेभाजी खाईन." खाल्लीस? सोमवार-शुक्रवारचे उपास तेवढे नेमानं केलेस. पुढच्या तपासणीला रक्त होतं तेवढंच. परतीच्या एस्टीत चिकोडी येईपर्यंत मी तुला बोलत होतो आणि तू खिडकीबाहेर उसाचे मळे बघत होतीस.

मग बाटलीनं रक्त चढवायचं ठरलं. दोन बाटल्या, घरच्यांनी द्यायच्या. एक आपल्या थोरल्या भावानं, अण्णानं दिली. मी तपासून आलो, माझं जुळत नाही म्हणालो. "बरं झालं रं," तू म्हणालीस, "तू आदीच लई किडकिडीत." एका बाटलीवर शेक झाला. गाठ थोडी बसली, पुन्हा वाढली. तेव्हापासून भेटेल त्याला मी गोळ्यांचीच गोष्ट सांगत आलो, आमची आक्का कशी हट्टी होती ती. आक्का, मी तपासायला गेलोच नव्हतो. सुईला भिऊन दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहा पीत बसलो होतो. पुढं बेळगावात नोकरी लागताना रक्त तपासलं, तेव्हा गट तुझाच निघाला. तुला वाचता येत नव्हतं, आलेली पत्रं मीच वाचून दाखवायचो. हेही मलाच वाचायला लावलं असतंस, आणि 'तपासायला गेलोच नव्हतो'पासून पुढचं सगळं मी गाळलं असतं.