मेल्यावर बोलायचं नाही

४ मार्च

माझं मोठं ताट गेलं. दिवसाढवळ्या! स्वयंपाकघर पालथं घातलं. शेवटी बाहेरच्या खोलीत पाहते तर भोंग्या त्यात वाळू ओतून बसलेला. वाळूची टेकडी, निळ्या दोऱ्याची नदी, आणि माझ्या शिवणाच्या डब्यातली बटणं. ती म्हणे माणसं! पांढरी याची, काळी शत्रूची. लाल मोठं बटण म्हणजे स्वतः साहेब. ते माझ्या चांगल्या कोटाचं आहे.

वही नवी आहे म्हणून लिहून ठेवते— भोंग्या म्हणजे माझा नातू. जन्मला तेव्हा ओरडून दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हापासून हेच नाव. आता सैन्यात नऊ पोरांच्या तुकडीचा म्होरक्या आहे आणि ओरडायचा पगार घेतो. मी त्याच्याकडे छावणीत राहते. मुलाला आणि सुनेला माझं तोंड झेपत नाही. याला झेपतं, कारण याला ऐकूच येत नाही, स्वतःच बोलत असतो.

वही नातसुनेने दिली. औषधांच्या दुकानात काम करते, तिथे असल्या वह्या फुकट येतात. "आजी, मनात येईल ते यात लिहा." म्हणजे घरात बोलू नका. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण टोमणा कळायला तेवढी पुरते.

६ मार्च

भोंग्याने कपाटाच्या दारावर पुठ्ठा डकवलाय. दार उघडलं की माझ्या नाकाला लागतो. महिन्याच्या शेवटी तुकडीची परीक्षा आहे. त्या दिवसापासून उलटं मोजत मोजत आजपर्यंत आलाय— कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं, कुठे शिकवायचं, आणि नीट झालं हे ओळखायचं कशावरून. "आजी, 'चांगलं' असं लिहून चालत नाही. चांगलं म्हणजे किती चांगलं ते आधी ठरवावं लागतं." मी म्हटलं, मग मी केलेल्या जेवणाला इतकी वर्षं चांगलं म्हणत होतास ते किती? गप्प बसला. एकदाच.

शेवटी एक रकाना— 'कोण शिकवणार'. वरपासून खालपर्यंत मी, मी, मी. नातसून म्हणाली, "एवढे 'मी' तर आरशाच्या दुकानातही नसतात."

हसलो. मग तो परीक्षेचं बोलला. टेकडी चढायची, पलीकडची चौकी घ्यायची, जखमीला उचलून उजेड आहे तोवर खाली आणायचं. पास झाले तर मे महिन्यात सरहद्दीवर, वरच्या खिंडीत पाठवणार. नापास झाले तर तुकडी दुसऱ्याला— तो भांडारातला मिशाळ टपूनच बसलाय— आणि भोंग्या भांडारात, बूट मोजायला.

भांडार इथून दिसतं. पत्र्याचं छप्पर. संध्याकाळी घरी येता येतं तिथून.

नातसुनेला चौथा महिना लागलाय. ती पुठ्ठ्याकडे बघत राहिली. मीही. दोघींच्या मनात एकच.

१० मार्च, रविवार

आज मी जखमी झाले. सरकारी हुकमाने!

पोरं आमच्या घरामागे स्ट्रेचर उचलायचा सराव करत होती. माणसाऐवजी वाळूचं पोतं. पोतं फाटलं. भोंग्या इकडे तिकडे बघायला लागला आणि त्याची नजर माझ्यावर थांबली.

"आजी, तू झोपतेस का जरा?"

"मेले का मी?"

"मेली नाहीस. पायाला गोळी लागलीय."

लागली तर लागली. झोपले. चौघांनी उचलली. पुढे डावीकडे ज्याला मी खांब म्हणते तो पोरगा— उंच इतका की स्ट्रेचर त्याच्या बाजूने वर, माझं सगळं रक्त उजव्या कानात. उजवीकडे बडबड्या, त्याचं तोंड कधी मिटत नाही. मागे मुका. मुका नाही खरं तर, बोलायला त्रास होतो त्याला, माणसं दिसली की.

बडबड्या म्हणाला, "आजी, खिशात दगड भरलेत का हो?"

"तुझ्या साहेबाला वाढवलंय मी. त्याचं वजन आहे ते."

जिना चढवला, उतरवला, परत चढवला. मी म्हटलं, अरे भोंग्या, आता खाली ठेव की! आणि लक्षात आलं— पोरांना हे नाव माहीत नव्हतं. खांबाचे खांदे हलायला लागले. स्ट्रेचर हलायला लागलं. भोंग्या लाल बटणासारखा झाला.

११ मार्च

मान धरलीय. पुढच्या रविवारी परत बोलावलंय. पोत्यापेक्षा मी बरी म्हणे— पोतं ओरडत नाही, कुठे चुकलं ते कळत नाही.

१७ मार्च

आज मैदानावर नेली. खंदक, दोरखंड, जुने टायर, गुडघाभर गवत. भोंग्याचं काम बघितलं. खोटं कशाला लिहू, डोळे दिपले. कोणाचा पट्टा सुटायच्या आधी याला दिसतो! "डावीकडे! पाय बघ! मान खाली! तू थांब, तू पुढे!" चूक व्हायला लागली की हा तिथे हजर. एकही चूक पुरी झाली नाही. पोरं घड्याळासारखी चालली.

परत येताना म्हणाला, "पास होणार, आजी."

मी म्हटलं, हं.

घरी आल्यावर घासलेली भांडी परत घासली. नातसून म्हणाली, स्वच्छ आहेत ती. म्हटलं, दिसतंय मला.

२८ मार्च

नापास.

टेकडी समजवायला वाळूचं ताट तिकडे नेलं होतं; दुपारी बडबड्या ते परत द्यायला आला, त्याच्याकडून कळलं. भोंग्या अजून आलेला नाही. टेकडीच्या निम्म्यावर परीक्षकाने भोंग्याच्या खांद्यावर हात ठेवला— "तू मेलास. आडवा हो." ही परीक्षेतली रीत आहे, म्होरक्याला मारतात आणि बघतात पोरं काय करतात. भोंग्या आडवा झाला. डोळेही मिटले. आणि पोरं भोवती उभी! जसं काही तो उठून बसेल. शेवटी खांबाने वाकून विचारलं, "सर, आता कुठून?"

आणि मेलेला बोलला! डोळे मिटूनच! "डावीकडून जा, गाढवांनो!"

बडबड्या सांगता सांगता हसला आणि हसता हसता रडायला लागला. परीक्षक म्हणे टेकडीवरच खाली बसला. म्हणाला, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मढ्याने हुकूम दिला.

मी बडबड्याला पाणी दिलं. पाठ फिरवून दिलं. तोंडावर काय दिसत असेल कोण जाणे. पत्र्याचं छप्पर, बूट, संध्याकाळी घरी. मला आनंद झाला होता.

संध्याकाळी भोंग्या आला. ओरडला नाही. बूट काढून नीट ओळीत ठेवले. ते मला बघवलं नाही.

२९ मार्च

आमच्या बाहेरच्या खोलीत सगळी पोरं जमिनीवर बसलेली. परीक्षा झाली की बसून बोलायचं असतं— काय करायचं ठरलं होतं, काय झालं, का झालं, आता काय करायचं. आणि म्होरक्याने सगळ्यात शेवटी बोलायचं, असं परीक्षकाने बजावलंय. भोंग्या ओठ दाबून बसलेला, उतू जायला आलेल्या दुधासारखा.

पहिला बडबड्या— चूक माझी. खांब— नाही, माझी. मीच विचारलं मेलेल्याला.

मग मुका. भिंतीकडे बघत. "सर, तुम्ही आधीच सांगता. म्हणून आम्ही टेकडीकडे बघत नाही. तुमच्याकडे बघतो."



भोंग्याने विचारलं, "आधी का नाही बोललास?"

"तुम्ही बोलत होतात."

परीक्षकाने एक संधी अजून दिलीय. वीस एप्रिल.

२ एप्रिल

पुठ्ठा नवीन. 'कोण शिकवणार'— खांब, मुका, बडबड्या, आणि बाकीच्यांची नावं. 'मी' कुठेच नाही. खाली एकच ओळ— मेल्यावर बोलायचं नाही.

अक्षर गचाळ आहे.

७ एप्रिल

आज मैदानावर आम्ही दोघं आडवे. मी जखमी, तो मेलेला. गवतात शेजारी शेजारी. लहान होता तेव्हा असा शेजारी झोपायचा, लाथा मारायचा.

मुक्याच्या हातात तुकडी. त्यांनी उलटी वाट धरली. आडवं पडून मलाही दिसत होतं. भोंग्याने मुठीत गवत धरलं, उपटलं. मी म्हटलं, मेलायस. पड गप्प. थोड्या वेळाने पोरांना स्वतःच कळलं. थांबली, कुजबुजली, वळली. भोंग्याच्या कपाळावर घाम.

मग मला काय झालं कोणास ठाऊक. आभाळाकडे बघत विचारलं, "वर थंडी फार असते का रे?"

गप्प.

"तुला जायचंच आहे का?"

गप्प.

"बायकोचे दिवस भरतील तेव्हा तू तिथे. भीती वाटते का तुला?"

पापणीसुद्धा हलवली नाही गाढवाने. आयुष्यभर तोंड मिटलं नाही आणि मी विचारलं तेव्हाच मेला!

मग पोरं आली, मला उचललं. उतारावर एकाचा हात सुटला आणि मी पडले. पाठीवर. कोणी ओरडलं नाही. मुक्याने मला विचारलं कुठे लागलं, मग पट्टा बघितला, जागा बदलल्या, परत उचललं. मेलेला दुरून बघत होता. उठला नाही.

१३ एप्रिल

नातसून दुकानातून आली ती सरळ माझ्या खाटेवर बसली. औषधाचा वास येतो हिला. पिशवी मांडीवर धरून म्हणाली, "आजी, एक मागते. पाठ दुखते म्हणा. उठता येत नाही म्हणा. घरी दोन बायका, एक अशी आणि एक अशी— तो अर्ज करेल, त्याला थांबवतील. तुमच्यासाठी थांबेल तो. माझ्यासाठी नाही थांबणार."

"आणि पोरं?"

"मिशाळ नेईल त्यांना."

ती उठून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं.

१४ एप्रिल

बसवत नाही. उभी राहवत नाही. खिडकी उघडली, लावली. कोटाला लाल बटण परत शिवलं. उसवलं. ताटात नेऊन ठेवलं.

मिशाळाला मुक्याचं बोलणं ऐकायला वेळ असेल का?

१५ एप्रिल

पाठ खरंच दुखतेय आज. वाकता येत नाही. खोटं बोलायचीही गरज नाही!

सकाळी भोंग्याने विचारलं, "आजी, अशी का चालतेस?"

"म्हातारी आहे म्हणून. तू नीट चाल."

नातसून ओट्यापाशी होती. मान वर केली नाही.

२० एप्रिल

पास.

परीक्षकाने याला लवकरच मारलं, टेकडीच्या पायथ्याशी. मुक्याने तुकडी घेतली. चौकीजवळ मुक्यालाही मारलं! मग खांबाने घेतली. उजेड असताना जखमी खाली. मेलेले दोघं गवतात पडून, एकही शब्द नाही. परीक्षक म्हणाला, "हे मढं सुधारलं."

पोरांनी दारात गोंधळ घातला. मला खुर्चीसकट उचललं. मी शिव्या दिल्या.

नातसून तोंड धुवायला गेली. बराच वेळ पाणी वाहत होतं.

२१ एप्रिल

ती माझ्याशी बोलत नाही. पण शेकायची पिशवी गरम करून खाटेवर ठेवली होती. पाठीसाठी. तिला कळलं होतं तर.

५ मे

गेले. गाडी फाटकाशी उभी. भोंग्या पाया पडला. माझ्या तोंडात इतकं आलं होतं. म्हटलं, "जादा मोजे घेतलेस का?"

"घेतले."

"मग जा."

नातसुनेचा हात धरून घरी आणली. तिने धरू दिला.

१८ मे

ताटातली वाळू काढवत नाही. जेवण लहान ताटांत करतोय.

२ जून

फोन नाही. वर वारा असला की लागत नाही म्हणे. भांडारावरून गेले. आत मिशाळ बूट मोजत होता. नमस्कार केला त्याने. मीही केला.

९ जून

सकाळी फोन. मुका!

वरच्या वाटेवर दरड कोसळली. पहिलाच धोंडा भोंग्याला लागला. पडला तो पडला— हाक मारली तरी डोळे उघडले नाहीत, बोलला नाही. कोणी भोवती उभं राहिलं नाही. मुक्याने तुकडी घेतली. वाट गेली होती, दुसरी काढली, उजेड असताना खाली आणलं. आता दवाखान्यात आहे. श्वास चालू आहे. पहाटे एकदा पाणी मागितलं.

नातसून माझा दंड धरून उभी. मला दुसरं काही सुचेना. विचारलं, "जड झाला का रे?"

मुका म्हणाला, "नाही, आजी. तुमच्यापेक्षा हलके."