रोह्याईनं आयकलेला अल्बम

मंजे, चहा घेऊन आज्याजवळ बस, तुले एक गंमत सांगतो.

काल तुहा बाप तुले न इचारता तुहा स्पीकर वावरात घेऊन गेला. हरबरा खाले रानातले रोही, त्या नीलगाई, घुसून राह्यले, त्याईले कुत्र्याचं भुकनं आयकवाचं होतं. पन घरच्या मोबाईलवर बोट चुकलं, अन् तू दर शुक्रवारी नवे अल्बम हुडकते ना, त्यातला एक अमेरिकेचा वाजाले लागला. गानारा असा, जसा कोनी बुढा वावराच्या धुऱ्यावर बसून सोताशीच बोलून राह्यला. रोही पळाले नाहीत, कान टवकारून उभेच. तुहा बापबी बसला. शेजारचा मारोतराव म्हने, "कोन मेलं बे?" बाप म्हने, "गप बस, दोन गाने बाकी हायेत."

तुले पाहाले आलेले पाहुणे तुह्या गान्याले हासले, तवापासून तू घरात मोठ्यानं काही लावत नाही. "बाबा, मले त्या घरी नाही जाचं," म्हनली, तवा बाप वावरात निंघून गेला. आज तो मंगरूळच्या बसनं त्या पाहुण्याईले 'नाही' म्हनाले गेला. मायले ते घर पसंत हाय, पन तिच्यासंग भांडू नको, तिले बापच समजावन.

आज शुक्रवार हाय. नवा अल्बम आला असन, तर बाप येईस्तोर थांबजो, संगंच आयकू.