भांड्यासोबत माणूस

२ मे
सकाळीच वरच्या आळीचे भास्करराव दारात. पोरीचं लग्न सात तारखेला, केटरिंगवाल्यानं ऐनवेळी हात वर केले. "आबा, तुमची मोठी पातेली पायजेत." आबा म्हणजे माझे सासरे. लगेच, "न्या की!" माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. वीस वर्षं झाली या घरात येऊन, काथ्या अन् राख माझ्याच नशिबी. दान पुरुषांचं, घासणं बायकांचं.

३ मे
आज बोललेच. म्हटलं, आबा, याच आळीनं तुमच्या वडिलांच्या लग्नाला साधी कढई दिली नव्हती ना? विटाळ होतो म्हणून? गाडग्यात वरण शिजवलं होतं. मंग आजेसासऱ्यांनी धम्म घेतल्यावर मजुरीतून ही पातेली घेतली. नियम घातला. जात विचारायची न्हाई, भाडं घ्यायचं न्हाई, अन् भांड्यासोबत घरचं एक माणूस वाढायला जाणार. आबा म्हणाले, "त्यांनी दिली न्हाईत म्हणून तर आपण द्यायची." पुढं बोलायला जागाच ठेवत न्हाईत.

आबा पार अंकुशनगरच्या कारखान्यावर, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांपर्यंत जाऊन वाढून आलेत. वरच्या आळीतून मागणी मात्र पहिलीच. आबा हरखलेत. मला भीती वाटती.

६ मे
पांढरा सदरा इस्त्री करून घेतला. खांद्यावर टाकायला नवा पंचा. "उद्या जल्दी उठव गं." एवढे खूश माझ्या लग्नातही नव्हते.

७ मे
आबा दोनलाच घरी. जेवून आले असतील म्हणून विचारलं न्हाई. चारला पाणी प्यायले अन् म्हणाले, "भाकर हाय का?"

हळूहळू निघालं. वरणाची बादली उचलली तोच भास्कररावांच्या भावानं काढून घेतली. "आबा, तुम्ही कशाला तकलीफ घेता? तुम्ही पाहुणे." मांडवाच्या टोकाला खुर्ची दिली. एकटी. तीन पंगती उठेपर्यंत तिथंच बसून राह्यले. ताटाला कुणी बोलावलं न्हाई.

आमच्या यांना वाटतं, मान दिला. "खुर्ची दिली ना, अजून काय पायजे?" आता या माणसापुढं काय डोकं फोडायचं! भांडी चालतात, हात चालत न्हाई. एवढं साधं हाय.

९ मे
पातेली आली. बुडाला वरण करपलेलं. घासता घासता रडले. राग भास्कररावांचा का आबांचा, कळंना. ते ओट्यावर पेपर धरून बसलेले. तासभर एकच पान.

१६ मे
भास्करराव परत! सत्यनारायण घालून राह्यले, दीडशे माणूस. मोठं पातेलं पायजे. लाजही न्हाई.

आबा म्हणाले, "सूनबाईला विचारा." जन्मात पहिल्यांदा.

वीस वर्षं ओठावर होतं "न्हाई". आज निघालंच न्हाई. म्हटलं, "न्या. संगं मी येते वाढायला. नियमच हाय आमचा."

भास्करराव हसले. चपला शोधायला लागले. "घरात विचारून सांगतो." घरात विचारायचं काय त्यात?

आबांनी माझ्याकडं बघितलं.

१८ मे
निरोप न्हाई. पूजा उद्या. पातेलं पुसून ओसरीत ठेवलंय. आबांनी सकाळपासून तीनदा विचारलं, "आले का गं ते?"