ट्रकचे पट्टे आणि आमचे एरंडेल

१२ मार्च १९७५

आजपासून रोजनिशी. ट्रकचा मालक झाल्यावर माणसाला शिस्त हवी.

ट्रक दारात उभा आहे. निम्मी गल्ली अडली. शेजारचे आप्पा म्हणाले, आता तुमच्याकडे यायचे म्हणजे ट्रकच्या पोटाखालून सरपटत यावे लागेल. जळतात.

ट्रक लढाईच्या वेळचा, पण इंजिन मागाहून घातलेले. मूळचे पेट्रोलचे कुणीतरी काढले आणि डिझेलचे बसवले. हे इंजिन आधी कशात होते, असे विकणाऱ्याला विचारले. सकाळी म्हणाला बसमध्ये, दुपारी म्हणाला पाण्याच्या पंपावर, आणि कागद हातात देताना म्हणाला बोटीत. म्हणजे चौफेर अनुभव असलेले इंजिन मिळाले.

बेत असा. २२ मेला लेक विजयमालाचे लग्न, करकंबला, मुलाच्या दारात. आपले वऱ्हाड आपल्या स्वतःच्या ट्रकने जाणार. व्याही रामहरीरावांना कळवूनही टाकले की मुहूर्ताच्या आत नवरी तुमच्या वेशीत, ही जबाबदारी माझी. लग्न झाले की ट्रक उजनीच्या धरणाच्या कामावर. सारजा म्हणाली, आदी लगनाला जाऊन माघारी तर या. बायकोला लांबचे दिसत नाही.

१५ मार्च

किरकोळ अडचण. सोलापूरबाहेर बाळे गावाजवळ पंख्याचे दोन्ही पट्टे तुटले. पंखा बंद, पाण्याचा पंप बंद, रेडिएटरमधून वाफ. ड्रायव्हर मायाप्पा सांगोल्याकडचा, पूर्वी मेंढरे वळायचा. ट्रकपुढे उभा राहून तोंडाने 'हुर्र हुर्र' करत होता. ट्रकने ऐकले नाही.

सोमलिंगच्या सुट्या भागांच्या दुकानात गेलो. त्याने ट्रकचे नाव विचारले, इंजिनाचे विचारले, मग दोन्ही विसरून स्वतः येऊन पुली मापली आणि एक जोडी दिली. म्हणाला, ह्योच बसतोय बगा, दुसरा न्हाय. लोक फार लवकर ठाम होतात.

पट्टे बसले. मग माझे काम. सबंध नोकरी गिरणीत पट्टाखात्यात काढली, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो. तिथले चामड्याचे लांबलचक पट्टे मी एरंडेल पाजून लोण्यासारखे मऊ ठेवत असे. माझ्या पाळीत पट्टा तुटला नाही. या दुकानदारांना चामडे आणि रबर असा भेदभाव करायची सवय आहे. पट्टा तो पट्टा. सारजाची एरंडेलाची बाटली घेतली आणि दोन्ही पट्ट्यांना आतून-बाहेरून चोळले. सारजा म्हणाली, पोरांच्या पोटासाटी ठेवलंय त्ये. मी लक्ष दिले नाही.

१९ मार्च

सोमलिंगचे पट्टे चुकीचे निघाले. माझा अंदाज होताच.

ट्रक सुरू केला की डुकराच्या पिलासारखा ओरडतो. दयानंद कॉलेजपर्यंत जाईतो पाणी उकळले. पट्टे पुलीवरून नुसते घसरतात. रोज सकाळी न चुकता तेल पाजूनही ही गत, म्हणजे माप चुकले. सोमलिंगला सुनावले. त्याने पट्ट्यावर बोट फिरवले, वास घेतला आणि विचारले, ह्याला काय लावताय काय तुमी? मी म्हणालो, ते आमच्या खात्यातले गुपित आहे. तो दोन पावले मागे सरकला. गिरणीतला माणूस म्हटल्यावर लोक बिचकतात.

पट्टे अंगणात फेकून दिले. सारजाने उचलून नेले. काहीही टाकवत नाही तिला.

२ एप्रिल

निश्चय: दुकानदारांवर विसंबायचे नाही. स्वतः सुतळीने माप घेतले. सुतळीवरून आणलेले पट्टे बसेनात. मायाप्पाने पहारीने चढवले, तेव्हा डायनामो एका अंगाला कलला. सुतळी आखडली असणार.

मग मोठे आणले. ते इतके सैल की मायाप्पा म्हणाला, ह्ये मेंढराच्या गळ्यात बांदायला बरं हायती. ड्रायव्हरने विनोद करू नयेत.

१० एप्रिल

नातेपुत्यात असाच एक ट्रक आहे असे कळले. तेच लढाईतले अंग, तेच दत्तक इंजिन. एसटीने गेलो. मालक जोतीराम सज्जन. इंजिनावरचा रंग खरवडून मला पट्ट्याचा नंबर दाखवला. म्हणाला, लई दिवस झालं, ह्येच चालत्यात, काय तक्रार न्हाय.

नंबर सोमलिंगने दिला होता तोच.

एसटीत परत येताना विचार केला. सोमलिंगचा हात नातेपुत्यापर्यंत पोचलेला आहे.

तरी जोतीरामकडची एक जोडी आणली. मोठ्या मनाने आणखी एक संधी दिली.

१७ एप्रिल

नातेपुत्याचे पट्टेही घसरले. आता शंका नाही: नंबर चूक आहे. जोतीरामच्या ट्रकला तोच नंबर का चालतो, हा त्याच्या ट्रकचा दोष आहे.

तेल वाढवले. आता सकाळ-संध्याकाळ. सारजा म्हणाली की तिचे गुडघे इतकी वर्षे करकरतात, त्यांना या हातांनी कधी थेंबभर तेल लागले नाही. तिला म्हणालो, तुझे गुडघे करकंबला वऱ्हाड नेणार आहेत का? यावर ती जे म्हणाली ते इथे लिहीत नाही.

५ मे

पुण्याला जाऊन आलो. मोठे दुकान, वर पंखा फिरत होता. तिथल्या साहेबाने ट्रकचे साल विचारले, मी सांगितले. इंजिनाचे विचारले, मी म्हणालो बस, पंप किंवा बोट. त्याने आतल्या माणसांना बोलावले आणि मला पुन्हा सांगायला लावले. सगळे फार आनंदात होते. पुणेकर एवढे मनमिळाऊ असतील असे वाटले नव्हते. शेवटी एक जोडी दिली. नंबर थोडा वेगळा. हेच ते!

१४ मे, अक्षय्य तृतीया

पुण्याचे पट्टे लावून मोहोळपर्यंत जाऊन यायचे ठरवले होते. मोहोळपर्यंत गेलो. येताना बैलांनी आणले.

सारजा म्हणाली, दुसऱ्याचा ट्रक सांगा, अजून येळ हाय. मी म्हणालो, जॉबर शब्द फिरवत नाही. सुपारीच्या दिवशीही चारचौघांत सांगून आलोय की नातू होईपर्यंत लेकीच्या घरचे पाणीसुद्धा पिणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

दुपारी विजयमाला आली. विचारले, आबा, मुहूर्ताला पोचू न्हवं? लेक कधी काही मागत नाही. पोचू म्हणालो. ती गेल्यावर ट्रकपाशी जाऊन उभा राहिलो. भीती वाटली. मोहोळच्या पुढे, भर उन्हात, मुंडावळ्या बांधून लेक ट्रकमध्ये बसलीय आणि वाफ निघतेय असे दिसायला लागले. पट्ट्यांना आणखी एक हात दिला.

२१ मे

मायाप्पाला सांगितले, पुण्याचे पट्टे पुसून पुन्हा घाल. व्हय मालक म्हणाला. मग तेल पाजायला गेलो तर बाटली गायब. सारजा म्हणाली संपलं. दुकानात जातो म्हणालो, तर तिने मला मांडवाच्या वाशांपासून भटजींच्या चपलांपर्यंत इतकी कामे लावली की जमले नाही. उद्या काय होईल ते होवो.

२२ मे, करकंब. संध्याकाळी

पोचलो! मुहूर्ताला भरपूर वेळ ठेवून!

ओरडणे नाही, वाफ नाही. पंढरपुरात चहाला थांबलो तरी इंजिन थंड. अक्षता पडताना डोळे भरून आले. लेकीचे भले झाले आणि पट्ट्याचेही. एवढ्या दिवसांचे तेल आता कुठे मुरले.

२३ मे

सकाळी पारावर मंडळी जमली होती. रामहरीरावांनी विचारले, असल्या दोन घरच्या ट्रकला पट्टे कसे जुळवले? विचारल्यावर सांगावे लागतेच. गिरणीपासून सुरुवात केली. एरंडेलापर्यंत आलो तेव्हा मंडळी पुढे सरकून बसली. व्याह्यांनी घरचे ताजे एरंडेल भरून बाटली आणवली. सगळ्यांसमोर बॉनेट उघडले आणि करून दाखवले. सारजा लांबून हातवारे करत होती. तिला वाटले मी विसरलो. म्हणून दोनदा चोळले.

नंतर निरोप, रडारड, नारळ. ट्रक वेशीपर्यंत गेला. तिथे ओरडला आणि उकळला. जावयाच्या भावकीने ढकलत परत मांडवाच्या दारात आणून लावला. ढकलताना मायाप्पा पुन्हा 'हुर्र हुर्र' करत होता, हे फार लागले.

२४ मे

करकंबचा उन्हाळा. मायाप्पाला पंढरपूरला नव्या पट्ट्यांसाठी पाठवले. मी ट्रकच्या सावलीत बसून शब्द पाळला. अकरापर्यंत पाळला. मग विजयमाला तांब्या घेऊन आली आणि समोर उभी राहिली. आबा, प्या की, म्हणाली. प्यालो.

पाणी प्यालोच होतो, म्हणून जेवलो. आमरस होता.

२५ मे

मायाप्पा हात हलवत आला. तिथले दुकानदार सोमलिंगचाच नंबर देत होते. मी सक्त मनाई केली होती. आमरस. रामहरीराव फार आग्रह करतात.

२६ मे

सकाळी उठून बघतो तर पट्टे जागेवर नाहीत. सारजा आणि विजयमाला विहिरीवर बसून ते रिठ्याने घासत होत्या. लेकीच्या हातावर अजून लग्नाची मेंदी. सराईतासारखी घासत होती, पहिल्यांदा घासणाऱ्यासारखी नव्हे.

मग सगळे उघडकीला आले. हे पट्टे पुण्याचे नाहीतच. सोमलिंगने दिलेली पहिली जोडी. मी अंगणात फेकली ती सारजाने धुऊन ठेवली, मायाप्पाने २१ तारखेला चढवली, आणि बाटली विजयमालाने धान्याच्या कणगीत लपवली होती. सोमलिंगने पहिल्याच आठवड्यात सारजाला निरोप धाडला होता की त्यास्नी म्हणावं रबराला तेल लावू नका. मला का नाही सांगितले, असे विचारले. विजयमाला म्हणाली, तुमी रुसला असता आबा, आन मग लगनाला कोण आलं असतं?

ट्रक शिट्टीसुद्धा न वाजवता सोलापूरला आला. पुढे मायाप्पाशेजारी सारजा बसली, बाटली मांडीवर. मला मागे वऱ्हाडात जागा दिली. आप्पा विचारत होते, प्रवास कसा झाला? मी म्हणालो, रबराच्या प्रकृतीचा थोडा प्रश्न होता.

२७ मे. पहाटेपासून

तीन दिवसांचा आमरस. लेकीच्या घरी जेवलो त्याचे शासन म्हणायचे. पोट दगड झाले आहे.

सारजा बाटली घेऊन आली. व्याह्यांकडचे उरलेले एरंडेल सगळेच्या सगळे मला पाजले. पोटावर थापटून म्हणाली, ह्यो पट्टा चामड्याचा हाय, ह्याला चालतंय.

लागू पडले. जास्त वेळ बसून लिहिता येत नाही.